घोडाझरीच्या पाळीवर

श्रोतेहो, सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काश्मीर, महाबळेश्वर, निदान चिखलदरा तरी येतो. मी आज ज्या सहलीबद्दल बोलणार आहे ती आमच्या गावापासून जेमतेम बारा किलोमीटरची. सकाळी नऊला निघालो आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आत घरी परतलो. सोबत माझी थोरली बहीण होती. ती सत्तरीची, मी चौसष्टचा. एवढ्या आयुष्यात आम्ही दोघंच कुठे फिरायला गेल्याचं मला आठवत नाही. लग्नकार्याला गेलो, दवाखान्यात गेलो, मयतीला गेलो. फिरायला असे कधीच नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडे, म्हणजे झाडीपट्टीत, भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते. रात्री नाटकं होतात. सासरी गेलेल्या लेकी या दिवसांत हटकून माहेरी येतात. आमची बाईही आली होती. थोरल्या बहिणीला आम्ही ‘बाई’ म्हणतो. तिचं सासर आरमोरीकडचं. 1974 साली तिचं लग्न झालं तेव्हा ते गाव आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात होतं. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि बाई जागची न हलता परजिल्ह्यात गेली, असं आम्ही गमतीनं म्हणतो.

ओवाळणी झाली, जेवणं झाली. पान लावता लावता ती म्हणाली, “बापू, मले घोडाझरी दाखवतं का?”

मला वाटलं, ती थट्टा करते आहे. नागभीड तालुक्यात राहून घोडाझरीचा तलाव न पाहिलेलं माणूस मला माहीत नव्हतं. आमची पिकं त्या पाण्यावर. मी शाळेच्या सहलीत दोनदा गेलो होतो, पुढे मास्तर झाल्यावर मुलांना घेऊन कितीदा तरी गेलो.

“तू पाहिला नाहीस?”

“कोण नेलं होतं मले?” ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, साधी माहिती दिल्यासारखी.

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर माझ्या होकारात माझाही एक मतलब होता. तो पुढे सांगतो.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या स्कूटरवर आम्ही निघालो. पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि प्लास्टिकच्या पाकिटात घडी घातलेला एक कागद. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पिवळा पडलेला. हलका धान कापून बांधीत पसरलेला, भारी धान अजून उभा. बाई मागे बसून कुठल्या बांधीत कुठला वाण आहे ते सांगत होती. एचएमटीची बांधी दिसली की तिचा आवाज चढायचा. हा वाण आमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1980 च्या दशकात निवडून काढला. दीड एकराचा शेतकरी. पटेल-3 धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला काढून त्यांनी त्या वर्षानुवर्षं जोपासल्या. त्या काळी मनगटी घड्याळांमुळे घरोघरी माहीत असलेलं एचएमटी हे नाव त्या वाणाला मिळालं. तांदूळ देशभर गेला. 2018 साली दादाजी वारले. आज पोत्यावर एचएमटी लिहिलेलं असतं, दादाजींचं नाव मात्र नसतं.

मुख्य रस्ता सोडला की जंगल लागतं. साग, मोह, तेंदू, बांबू. 2018 साली या परिसरातल्या सुमारे 159 चौरस किलोमीटर जंगलाला घोडाझरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. वाघाचा वावर असल्यामुळे इकडे सकाळी फार लवकर निघू नये आणि उशिरापर्यंत थांबू नये. याच डोंगररांगेत पेरजागड आहे. त्यालाच सातबहिणी डोंगर म्हणतात. मी बाईला हात करून तो बाजू दाखवली. ती म्हणाली, “सात बहिणी होत्या, मंग भाऊ कोठी होता?” मी हसलो, पण उत्तर काही सुचलं नाही.

पाळीवर चढलो आणि बाई गप्प झाली.

श्रोतेहो, हा तलाव ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तीन बाजूंना झाडीनं भरलेले डोंगर आणि चौथ्या बाजूला माणसानं घातलेली पाळ. पावसाळा नुकताच संपलेला, त्यामुळे पाणी काठोकाठ. वारा पडला होता. डोंगर जसेच्या तसे पाण्यात उतरले होते. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी पडतं तेव्हा इथे जत्रा असते. त्या दिवशी मात्र चार-दोन माणसंच होती. तलाव दिसतो शांत, पण खोल आहे. इथे बुडून तरणी पोरं गेली आहेत. पाहायला यावं, पाण्यात उतरू नये.

हा तलाव इंग्रजांच्या काळातला. 1896-97 आणि 1899-1900 असे दोन भयंकर दुष्काळ मध्य प्रांतानं लागोपाठ सोसले. दुसरा तो छप्पन्नचा दुष्काळ, आमच्या आजीच्या तोंडी त्याच्या गोष्टी होत्या. त्यानंतर 1901 ते 1903 या काळात भारतीय सिंचन आयोग नेमला गेला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत सरकारनं आमच्या भागात घोडाझरी, आसोलामेंढा असे मोठे तलाव बांधले. त्याच्या कितीतरी आधीपासून इथे गावोगावी तलाव होतेच. कोहळी समाजानं बांधलेले, मालगुजारांच्या ताब्यातले. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. आज आम्ही त्यांना मामा तलाव म्हणतो. मामा म्हणजे माजी मालगुजारी.

बाई पाळीवरून चालत गेटापर्यंत गेली. वाकून पाहिलं. “इथूनच सुटते का पानी?” तिनं विचारलं. मी सांगितलं: इथून नहरात, नहरातून पाटचारीत, पाटचारीतून एका बांधीतून दुसऱ्या बांधीत. ज्याची बांधी गेटाजवळ त्याला पाणी आधी, ज्याची टोकाला त्याला शेवटी. म्हणून पाळी ठरलेली असते. आमची बांधी टोकाची.

“हे मी तुले सांगू का तू मले?” बाई म्हणाली.

मग मला आठवलं. एका वर्षी रोवणीनंतर पावसानं दडी मारली. धान निसवण्याच्या वेळी पाण्याची पाळी आमच्याकडे आली ती नेमकी रात्री. वरचे लोक मध्येच पाणी फोडून घेत. बाबांनी पाटचारीवर राखण केली. एका माणसाला दोन ठिकाणं कशी राखता येणार? दुसऱ्या ठिकाणी बाई उभी राहिली. पंधरा वर्षांची होती. हातात कंदील आणि फावडं. सलग तीन रात्री. मी घरी झोपलो होतो, कारण सकाळी शाळा होती. तिची शाळा सातवीनंतर सुटली होती.

त्या वर्षी आमचा धान पिकला. धान विकून जे पैसे आले त्यांतून माझं शिक्षण पुढे गेलं. पुढे दरवर्षी थोडं थोडं करून मी बी. एड. झालो, मास्तर झालो. आज माझं निवृत्तिवेतन येतं. या हिशेबात त्या तीन रात्री कुठेच लिहिलेल्या नाहीत.

झाडाखाली बसून आम्ही डबा उघडला. ताकातली कढी, भात, वांग्याची भाजी. जेवण झालं आणि बाईनंच विषय काढला.

“पिशवीत कागद हाये नं?”

मी चपापलो. “कोणी सांगितलं?”

“सूनबाईनं नाई सांगितलं. तुह्या तोंडावरून समजलं. कालपासून तू माह्याशी जास्तच गोड बोलून राहिला.”

कागद हक्कसोड पत्राचा मसुदा होता. बाबा 2017 साली गेले, आई 2022 साली. चार एकर वडिलोपार्जित जमीन अजून बाबांच्याच नावावर होती. वारस नोंद करायची राहिली होती. सोसायटीचं पीककर्ज अडलं होतं. अर्जनवीस म्हणाला, बहिणीकडून हक्कसोड करून घ्या, म्हणजे पुढे कटकट नाही. पुण्याहून मुलाचाही फोन आला होता, “आत्या सही देईल ना?” आमच्याकडे रीतच आहे. बहीण सही देते, भाऊ साडीचोळी देतो. न देणाऱ्या बहिणीला गाव नावं ठेवतं. मी ठरवलं होतं, तलाव पाहून ती खूश होईल, तेव्हा विषय काढू. माझा मतलब तो हा.

मी तिला कायदा सांगितला. मास्तर माणूस, सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलगा जन्मानं हिस्सेदार होता, मुलगी नव्हती. महाराष्ट्रानं 22 जून 1994 पासून मुलींना हा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. म्हणजे बाई वगळली गेली. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीनं लग्न झालेल्या मुलींनाही भावाच्या बरोबरीनं हक्क मिळाला. आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मापासूनचा आहे, 2005 साली वडील जिवंत असोत वा नसोत.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “म्हंजे अर्धं माहं हाये.”

“हो.”

“आन् ते मी सोडावं म्हून तू मले तलाव दाखवाले आनलं.”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी पाण्याकडे पाहत राहिलो.

थोड्या वेळानं तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “मले बांधी तोडून नको. विकाचीबी नाई. तूच पेर, तूच खा. मले वर्षाले एक पोतं तांदूळ देतं, तेवढंच देत जा. पन नाव राहू दे. राशन कार्डावर पयले तुह्या भाटव्याचं नाव होतं, आता पोराचं हाये. घर पोराचं. आधार कार्ड हाये, त्याच्यावर मी फक्त मानूस हाये. जमिनीच्या कागदावर एकदा माहं नाव पाहावं वाटते. ज्या बांधीले मी पानी देल्लं, त्या बांधीच्या कागदावर.”

“आणि साडी?” मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

“साडी तं मी घेईनच. ते भाऊबीजेची. तिची आन् जमिनीची गाठ नको बांधू.”

श्रोतेहो, मी लगेच मोठ्या मनाचा झालो असं सांगितलं तर ते खोटं होईल. माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते कर्जाचं. सातबारावर दोन नावं म्हणजे कर्ज काढताना बाईची संमती लागणार. दरवेळी आरमोरीहून तिला आणायचं. उद्या ती गेली तर तिची मुलं वारस. त्यांच्याशी माझ्या मुलाचं कसं जमेल, कोण जाणे. या अडचणी खऱ्या आहेत. मी त्या तिला बोलूनही दाखवल्या. ती म्हणाली, “बोलावशील तं येईन. बसचं अर्धं तिकीट लागते मले.”

परतताना स्कूटरवर आम्ही फारसं बोललो नाही. नहराच्या पुलावर तिनं गाडी थांबवायला लावली. गोसीखुर्द धरणाचं काम 1988 साली सुरू झालं. त्याच्या कालव्यांत घोडाझरी शाखा कालवाही आहे. टोकाच्या बांधीला पाणी पोचेल अशी आशा आम्ही शेतकऱ्यांनी त्यावर ठेवली आहे. मी ते तिला सांगितलं. ती नहराकडे बघत म्हणाली, “टोकाच्या मानसाले पाळीची वाट पाहाची सवय असते.”

घरी आल्यावर मी मुलाला फोन केला. त्याला ते पटलं नाही, अजूनही पुरतं पटलेलं नाही. सौभाग्यवती मात्र म्हणाली, “माझ्याही माहेरी मी सही देऊन आले होते. कोणी मला तलावसुद्धा दाखवला नव्हता.” तेव्हा मला कळलं की आमच्या घरातच या विषयाच्या दोन बाजू इतकी वर्षं गप्प बसून होत्या.

पुढच्या आठवड्यात तलाठ्याकडे अर्ज दिला. वारस म्हणून दोघांची नावं. फेरफाराची नोंद झाली, नोटिशीची मुदत गेली, हरकत कोणाचीच आली नाही. नवा सातबारा हातात आला त्या दिवशी मी त्याची एक प्रत काढून आरमोरीला नेली. बाईनं चष्मा लावला. सातवीपर्यंत शिकलेली, तेव्हा वाचता येतं. स्वतःचं नाव तिनं बोट ठेवून वाचलं, मग माझं वाचलं, मग गट नंबर वाचला. म्हणाली, “टोकाचीच बांधी हाये नं हे?” मी हो म्हणालो. तिनं कागद घडी घालून देव्हाऱ्यामागे ठेवला आणि चहा टाकायला आत गेली.

या खरिपात कर्जाच्या कागदावर सही करायला ती आली होती. बसचं अर्धं तिकीट तिनं मला काढू दिलं नाही.