माथ्यावरचा शेजार

अष्टविनायकांपैकीं महागणपतीचें स्थान म्हणून रांजणगांवाची ख्याति जुनी आहे. १९९० नंतर तेथें औद्योगिक वसाहत वाढली, भाड्याच्या खोल्यांच्या दुमजली-तिमजली इमारती उठल्या, आणि गांवास एका नव्या नात्याची ओळख झाली : खालच्या बिऱ्हाडाचें वरच्या बिऱ्हाडाशीं असलेलें नातें. पूर्वींचीं घरें धाब्याचीं. लांकडी तुळयांवर काटक्या व त्यांवर मातीचा जाड थर. धाब्यावर वाळवणें पडत, उन्हाळ्यांत माणसें निजत; परंतु डोक्यावर कोणाचा संसार नसे.

आतां मध्यें आहे ती चार-पांच इंचांची स्लॅब. खुर्ची ओढली, पातेलें पडलें, मूल धांवलें, कीं तो आघात काँक्रीटमधून थेट खालीं उतरतो. बोलण्याचा आवाज मात्र त्यांत बराच अडतो. म्हणूनच वरचे गृहस्थ शपथेवर सांगतात, "आमच्याकडे कोणी मोठ्यानें बोलतहि नाहीं," आणि तें खरेंहि असतें! त्यांत कारखान्यांच्या पाळ्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रात्र ठरविली ती १० ते सकाळीं ६ पर्यंतची. रात्रपाळी करून आलेल्याची रात्र सकाळीं आठाला सुरू होते, त्यास हे नियम काय करणार?

असा मनुष्य पडल्या पडल्या छताकडे पाहतो, तों गिलाव्यास भेग दिसते. निदान तयारच असतें : "वरच्यांनीं आपटून आपटून छत फोडलें." हें निदान बहुधा खोटें असतें. घरांतल्या चालण्या-खेळण्यानें धड बांधलेल्या स्लॅबचा गिलावा सहसा फुटत नाहीं. आधींच सुटलेला पोपडा फार तर खालीं येईल. केसासारख्या जाळीदार भेगा बहुधा सिमेंट अधिक पडल्याच्या किंवा पाणी पुरेसें न मारल्याच्या असतात. भिंत आणि छत यांच्या सांध्यावरील रेघ पुष्कळदां उन्हाची करणी असते. गच्ची दिवसां तापून प्रसरते, रात्रीं आखडते. ही रेघ विशेषतः सर्वांत वरच्या मजल्यावर आढळते. तेथें तर माथ्यावर शेजारीच नसतो!

भिण्याजोगी भेग निराळीच. ती आंतल्या सळईच्या ओळीनें सरळ जाते आणि तिच्याभोंवतीं तपकिरी डाग असतो. वरच्या मोरीचें पाणी झिरपून सळई गंजते. गंजास मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा लागते, आणि तो काँक्रीट आंतून फोडतो. काठीनें हळूच ठोकल्यास बद्द आवाज येतो. तेथून मुलांचें अंथरूण त्याच दिवशीं हलवावें, जाणत्या इंजिनियरला दाखवावें, मग दुरुस्ती. वरून रंग फासणें हा धोका झांकण्याचा प्रकार होय. साध्या भेगेच्या टोकांस पेन्सिलीनें खूण करून तारीख लिहावी. महिन्या-दोन महिन्यांनीं ती पुढें सरकली कीं नाहीं तें कळतें.

गच्चींतून पाऊस गळून वरच्या मजल्याचें छत बिघडलें, तर सहकारी गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें दुरुस्ती संस्थेकडे येते. मोरी-संडासाची अंतर्गत गळती सदस्यांनीं पाहावयाची. भाड्याच्या खोलींत प्रथम मालकास लेखी कळवावें हें बरें. पण कागद कितीहि धाडले, तरी गळती थांबवावयाची ती वरूनच. गवंड्यास वरच्यांचीच मोरी खणावी लागते, चार दिवस त्यांचीच गैरसोय होते. आवाजाच्या भांडणांत ज्यानें तें दार स्वतःवर बंद करून घेतलें, त्याच्या छतांतील सळई गंजतच राहते.

म्हणून आवाजाचें गाऱ्हाणें निराळें ठेवावें. तें पुष्कळ स्वस्तांत मिटतें. खुर्च्या-टेबलांच्या पायांस रबराच्या टोप्या, मुलांच्या खेळण्याच्या जागीं जाड सतरंजी, मिक्सरखालीं घोंगडीची घडी. आणि खालच्यानेंहि आपल्या पाळीचें वेळापत्रक वर नेऊन द्यावें. पाळी बदलत राहते. वरच्यांस तें आपोआप कळावें तरी कसें?