मोटारसायकलीचीं पादत्राणें

बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव चढवीत असे, तेव्हां त्यास एकच काळजी असे. धाव लवकर झिजूं नये. तिनें जमीन धरून ठेवावी अशी अपेक्षाच नव्हती. जमीन धरण्याचें काम बैलांच्या खुरांचें. चाक बिचारें केवळ मागोमाग फिरे. मोटारसायकलीचें तसें नाहीं. तेथें चाकच बैल झालें आहे. गाडी पुढें ढकलणें, ती थांबविणें आणि ती वळविणें हीं तिन्ही कामें चाकासच करावीं लागतात, आणि तीं करावयाचीं म्हणजे त्यानें जमीन घट्ट धरली पाहिजे. झिजूं नये आणि धरावें, अशा दोन परस्परविरुद्ध अपेक्षा एकाच रबराकडून होऊं लागल्या, तेथून टायर निवडण्याचा प्रश्न उत्पन्न झाला.

रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालीं हवा भरलेल्या टायरचें पेटंट घेतलें. परंतु त्या काळीं त्या कल्पनेचें चीज झालें नाहीं. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या लहान मुलाच्या तिचाकी सायकलीस हवेचे टायर बसविले, आणि तेथून त्यांचा खरा प्रसार झाला. गाडीवर जो बसणार आहे त्याच्या सुखाचा विचार या शोधाच्या मुळाशीं होता. आज दुकानांत टायर निवडतांना बहुधा तोच विसरला जातो.

हल्लीं मध्यम व मोठ्या मोटारसायकलींसाठीं जे टायर मिळतात, त्यांत दोन जाती विशेष प्रसिद्ध आहेत. एकीस ‘स्पोर्ट’ म्हणतात व दुसरीस ‘स्पोर्ट टूरिंग’. पहिली शर्यतीच्या धाटणीची, दुसरी लांबच्या प्रवासाची. म्हणून येथें त्यांस शर्यती टायर व प्रवासी टायर असें म्हणणें सोयीचें होईल. इटलीच्या पिरेली कंपनीनें आपल्या शर्यती टायरांस ‘डायब्लो’ म्हणजे सैतान आणि प्रवासी टायरांस ‘एंजल’ म्हणजे देवदूत अशीं नांवें दिलीं आहेत. नांवें मोठीं गमतीचीं आहेत. पण सैतान सर्वथा वाईट नाहीं आणि देवदूतही सर्वशक्तिमान् नाहीं. कोण कोठें उपयोगी पडतो, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न नीट समजावा म्हणून श्रोत्यांनीं एक तरुण डोळ्यांपुढें आणावा. तो नागपूर जिल्ह्यांतील पारशिवनीस राहतो. दक्षिणेस नागपूर शहर ४०-४५ किलोमीटरांवर, उत्तरेस पेंच नदीवरील नवेगांव खैरीचें धरण, त्यापलीकडे कोलितमाऱ्याच्या बाजूस पेंचचें जंगल, आणि पूर्वेस रामटेक, असा त्याचा मुलूख. नोकरीसाठीं तो रोज नागपुरास जातो व सायंकाळीं परततो. त्याच्यापाशीं चाकण येथें बनलेली केटीएमची ३९० ड्यूक ही गाडी आहे. तिचे टायर झिजले, म्हणून तो नागपुरांतील एका वयस्क टायरवाल्याच्या दुकानीं उभा आहे.

“काका, सगळ्यात जास्त पकडणारा टायर दाखवा. पैशाचं पाहून घेऊ.”

“टायर तर दाखवतो, भाऊ. पण पहिले हे सांगा, मागं कोन बसते?”

“बायको बसते. अन् महिन्यातून एकदा मायला दवाखान्यात आणतो.”

“मंग थंडी म्हना, पानी म्हना, बारा महिने गाडी चालते तुमची.”

म्हाताऱ्यानें टायर दाखविण्यापूर्वीं जें विचारलें, त्यांत या विषयाचें सार आलें आहे. तें कसें, हें पाहण्यासाठीं प्रथम टायर जमिनीस कसा धरतो हें पाहिलें पाहिजे.

गाडी, चालविणारा व मागें बसणारा मिळून ३०० किलोग्रॅम, म्हणजे ६६० पौंड वजन धरूं. टायरांत हवेचा दाब दर चौरस इंचास ३२ पौंड असला, तर हें वजन पेलण्यास जमिनीवर अदमासे २० चौरस इंच रबर टेकावें लागतें. ढोबळ हिशेब असा कीं, एकेका चाकाच्या वांट्यास सुमारें १० चौरस इंच जागा आली. म्हणजे बोटें सोडून एक तळहात. पुढचा एक तळहात व मागचा एक तळहात, एवढ्यावर एक कुटुंब ताशीं ६०-७० किलोमीटर वेगानें चाललेलें असतें. त्या तळहातांनीं काय धरावें व कधीं सोडावें, हें रबराच्या स्वभावावर अवलंबून आहे.

डांबरी रस्ता दिसतो तितका गुळगुळीत नसतो. खडीच्या बारीक कंगोऱ्यांत रबर दाबलें जातें, त्यांचा आकार घेतें आणि चाक फिरतांच पुन्हां सुटतें. या दबण्या-सुटण्यांत कांहीं शक्ति खर्च होते व तिची उष्णता बनते. जें रबर अधिक मऊ व अधिक शक्ति गिळणारें, तें अधिक चांगलें धरतें. परंतु तेंच अधिक तापतें व अधिक झिजतें. शर्यती टायरचें रबर या टोकाकडचें असतें. तें चांगलें तापलें म्हणजेच त्याचा पूर्ण गुण प्रकट होतो. थंड असतांना तें ताठर राहतें व रस्त्यास नीट बिलगत नाहीं. म्हणूनच शर्यतीच्या मैदानांत गाडी सुटण्यापूर्वीं टायरांवर विजेनें तापणारीं वेष्टनें चढवून ठेवतात. प्रवासी टायरच्या रबरांत सिलिकाचा, म्हणजे वाळूच्या जातीच्या अत्यंत सूक्ष्म पुडीचा, भरपूर उपयोग केलेला असतो. त्यामुळें तें थंडींत व ओल्या रस्त्यावरही लवचीक राहतें. कित्येक टायरांत तर मध्यभागीं टणक आणि दोन्ही कडांस मऊ, असें दुहेरी रबर घालतात. सरळ रस्त्यावर झीज थोडी व्हावी आणि वळणावर पकड मिळावी, असा त्यांत हेतु असतो.

आतां हें ज्ञान घेऊन पारशिवनीच्या रस्त्यावर यावें. हिवाळ्याची सकाळ आहे. या भागांतील थंडी वरवरची नव्हे. डिसेंबर २०१८ मध्यें नागपुरांत पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तरुण घराबाहेर पडतो तेव्हां टायर रात्रभर गारठलेला असतो. वाटेंत कुत्रें आडवें आलें, तर ब्रेक पहिल्याच किलोमीटरांत दाबावा लागणार. टायर तापेपर्यंत तें कुत्रें थांबणार नाहीं. शर्यती टायरची कीर्ति ज्या पकडीसाठीं आहे ती पकड त्या क्षणीं त्याच्यापाशीं नसते. प्रवासी टायरची कमाल पकड कदाचित् थोडी कमी असेल. परंतु जेवढी आहे तेवढी तो लवकर देतो. ज्यास रोज प्रवास करावयाचा आहे त्यास कमाल किती हें विचारण्यापेक्षां किमान किती हें विचारणें अधिक हिताचें.

पावसाळ्यांत हाच फरक दुसऱ्या रूपानें दिसतो. टायरवरील खाचा शोभेसाठीं नसतात. चाकाखालचें पाणी बाहेर फेकून रबरास रस्त्यापर्यंत पोहोंचूं देणें हें त्यांचें काम. शर्यती टायरवर खाचा थोड्या, कारण कोरड्या रस्त्यावर जितकें रबर टेकेल तितकें त्यास हवें असतें. प्रवासी टायरवर त्या अधिक व कडांपर्यंत गेलेल्या असतात. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. रोवणीच्या दिवसांत शेतांतून निघालेले ट्रॅक्टर रस्त्यावर चिखल आणतात, आणि वाळूच्या व कोळशाच्या गाड्यांतून सांडलेला थर वळणांवर साचतो. तेथें कोणताही टायर रस्त्यास धरूं शकत नाहीं, कारण रस्ता व रबर यांमध्यें तिसराच पदार्थ आलेला असतो. तेथें वेग कमी करणें हाच एक उपाय.

उन्हाळ्यांत तरी शर्यती टायरचें राज्य असेल, असें कोणी म्हणेल. मे महिन्यांत येथें पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि काळें डांबर हवेहून कितीतरी अधिक तापलेलें असतें. अशा वेळीं शर्यती टायर चांगला धरतो हें खरें. पण नागपूरचा महामार्ग बव्हंशीं सरळ आहे. टायरच्या कडांस तेथें काम नसतें. सर्व भार मध्यभागावर पडतो आणि मऊ रबर तेथेंच झिजून चपटें होतें. गोल टायर असा चपटा झाला म्हणजे वळणावर गाडी सुरळीत न कलतां त्या कडेवरून एकदम पडल्यासारखी होते. म्हणजे ज्या वळणासाठीं तो महाग टायर घेतला, त्या वळणाचेंच सुख सरळ रस्त्यानें हिरावून घेतलें.

खर्चाचाही हिशेब करावा. रोज जाऊन-येऊन ८५ किलोमीटर व महिन्याचे २५ दिवस धरले, तर वर्षास २५ हजार किलोमीटर होतात. गाडीचें वजन, हवा, रस्ता व चालविण्याची रीत यांप्रमाणें टायरचें आयुष्य पुष्कळ बदलतें. तरी मागचा शर्यती टायर ६-८ हजार किलोमीटरांत संपणें नवलाचें नाहीं, आणि त्याच गाडीवर प्रवासी टायर त्याच्या दुपटीपर्यंत टिकूं शकतो. वर्षांत तीन-चार टायर कीं दोन, असा हा प्रश्न आहे. पण पैशापेक्षां मोठी गोष्ट अशी कीं, जो टायर वारंवार बदलावा लागतो तो बदलण्यास माणूस टाळाटाळ करतो. ‘हा महिना जाऊं द्या’ असें म्हणत म्हणत गुळगुळीत टायरावर पावसाळा येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें दुचाकीच्या टायरची खाच ०.८ मिलिमीटरपेक्षां कमी खोल असतां कामा नये. खाचांच्या तळाशीं ही मर्यादा दाखविणारे छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीस आलें, कीं टायरचें आयुष्य संपलें असें समजावें.

इतकें ऐकून शर्यती टायर म्हणजे केवळ मिरविण्याची वस्तु, असा ग्रह कोणी करून घेऊं नये. त्याचा आकार कडेकडे अधिक निमुळता होत गेलेला असतो, त्यामुळें गाडी चटकन कलते; रस्त्याची बारीकशी खबरही तो हातांस कळवितो. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या मैदानांत, जेथें समोरून वाहन येत नाहीं आणि फेऱ्यामागून फेऱ्यांत टायर तापलेला राहतो, तेथें त्याच्यापुढें प्रवासी टायर फिका पडेल. जो एकटा, कोरड्या ऋतूंत, रविवारच्या सकाळीं घाटांतील वळणांसाठींच गाडी बाहेर काढतो, त्यानेंही तो घ्यावा. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. तसाच रस्ता पाहून टायर घ्यावा.

कोणताही घेतला तरी कांहीं गोष्टी पाळाव्या लागतात. टायरच्या बाजूवर ‘१५०/६० आर १७, ६६ एच’ अशा अर्थाचीं अक्षरें असतात. रुंदी १५० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ६० टक्के, रेडियल बांधणी, १७ इंचांची रिम. ६६ हा अंक ३०० किलोग्रॅमपर्यंतचा भार दाखवितो व एच हें अक्षर ताशीं २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. ज्यास पाठीमागें माणूस बसवावयाचा आहे त्यानें भाराचा अंक अवश्य वाचावा. बाजूवरच चार अंकी तारीख असते. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. स्वस्त म्हणून मिळालेला टायर दुकानांत किती वर्षें पडून होता, हें त्यावरून कळतें. पुढें एका जातीचा व मागें दुसऱ्या जातीचा अशी मनास येईल तशी जोडी लावूं नये. नवा टायर पहिले शंभर-दीडशें किलोमीटर जपून चालवावा, म्हणजे त्याचा वरचा तुळतुळीत थर निघून जातो.

हवा मात्र सर्वांत महत्त्वाची. ती टायर थंड असतांना मोजावी. तापमानांत १० अंशांचा फरक पडला, कीं दाबांत अदमासे दीड पौंडाचा फरक पडतो. मे महिन्याच्या दुपारीं भरून ठेवलेली हवा डिसेंबरच्या पहांटेस चार-पांच पौंडांनीं उतरलेली आढळेल, मग पंक्चर असो वा नसो. उलट उन्हांत चालून आलेल्या टायरांतील वाढलेला दाब पाहून हवा सोडूं नये. ती वाढ स्वाभाविक आहे. मागें कोणी बसणार असेल, तर गाडीच्या पुस्तिकेंत त्यासाठीं वेगळा दाब सांगितलेला असतो, तोच ठेवावा.

तरुणानें अखेर कोणता टायर घेतला, हें सांगावयास नको. दुकानांत शिरतांना त्याच्या डोळ्यांपुढें स्वतःची गाडी होती. बाहेर पडतांना मागची बैठक होती. त्या बैठकीवर बसणाऱ्या माउलीस टायरची जात ठाऊक नसते, रबराची पारख नसते. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ती निश्चिंत बसते. पहांटेच्या गारव्यांत, पहिल्याच वळणावर, त्या विश्वासास जो टायर जागेल तोच तिच्या मुलानें घ्यावा.