वारीतली सावधगिरी आणि आपली वही

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात सेवा पथकाच्या वतीनं वाचून दाखवलेलं मनोगत)





दिंडीला शंभर वर्षं झाली, सेवा पथकानंही दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली. आम्ही कीर्तनकार नाही आणि वक्तेही नाही. पथकात आम्ही नऊ माणसं. एक नर्सताई, एक प्राथमिक शाळेचे गुरुजी, दोन ड्रायव्हर, एक वायरमन आणि बाकी शेतकरी. काय बोलायचं ते नऊ जणांनी बसून ठरवलंय, एक जण वाचून दाखवतोय. चुकलं-माकलं पदरात घ्यावं.

या स्मरणिकेसाठी दिंडीच्या जुन्या वह्या पेटीतून काढल्या, तेव्हा आम्हीही बघायला बसलो होतो. काय सुंदर जमाखर्च! कोणत्या मुक्कामाला किती डाळ शिजली, बैलगाडीच्या चाकाला वंगण किती लागलं, कुणी किती भिशी दिली, कुणाची बाकी राहिली, सगळं आण्या-पैसकट. पण पानं उलटता उलटता एक गोष्ट ध्यानात आली. वाटेत माणसं दगावली, आजारी पडली, हरवली. हे कशानं झालं, त्या वेळी आपण काय केलं आणि काय करायला हवं होतं, याची एक ओळसुद्धा कुठल्या वहीत नाही. पटकीची भीती किती होती, वारीला निघायच्या आधी लस कशी टोचून घ्यावी लागायची, हे जुनी माणसं सांगायची. वहीत मात्र त्या वर्षांतही डाळ-तांदूळच. ती माणसं गेली, त्यांच्याबरोबर त्यांनी सोसून मिळवलेलं ज्ञानही गेलं.

असं का झालं असेल? आम्हाला वाटतं, वारीच्या वाटेवर देह पडला तर आपण म्हणतो, "भाग्यवान होता, पांडुरंगानं नेला." त्यात खोटं काही नाही. पण माउली, कधी कधी याच वाक्यानं आपण आपली चूकही झाकतो. आम्ही झाकली. ते आज सर्वांसमोर सांगायचंय. घरच्या मंडळींना विचारून सांगतोय, नाव घेत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नातेपुते सोडून माळशिरसकडं चाललो होतो. दुपारची वेळ, पाऊस नाही, अंगाची काहिली. आपल्यातले एक तात्या, पंचविसावी वारी त्यांची, टाळ वाजवता वाजवता खाली बसले आणि आडवे झाले. भोवती पन्नास माणसं गोळा झाली. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली, कुणी तोंडात पाणी घातलं. ते आचके देत होते. आम्ही म्हणलं, श्वास चालू आहे, चक्कर आली असेल. १०८ ला फोन लागला. पलीकडून विचारलं, "नक्की कुठं आहात?" आम्ही सांगितलं, "माळशिरसच्या अलीकडं, पालखीच्या वाटेवर." लाखभर माणसं त्याच वाटेवर होती! औषधांचा डबा ट्रकवर होता आणि ट्रक मुक्कामाला पुढं गेला होता. डब्याला कुलूप, आणि किल्ली व्यवस्थापकांच्या कंबरेला. नर्सताई दिंडीच्या शेवटी चालत होत्या. गर्दीतून वाट काढत त्या पोचेस्तोवर बारा-पंधरा मिनिटं गेली. रुग्णवाहिका त्यानंतर आली. तात्या गेले.

गावी आल्यावर आम्ही त्यांच्या घरी बसायला गेलो. सगळ्यांनी तेच सांगितलं, "भाग्यवान मरण." काकूंनी ऐकून घेतलं. मग शांतपणे एकच विचारलं, "डब्याची किल्ली कुणाकडं होती?"

कुणालाच उत्तर देता आलं नाही. डबा जवळ असता तर तात्या वाचले असते, असं आम्ही छातीठोक सांगू शकत नाही. पण आम्हाला येत असतं ते आम्ही केलं आणि तरी ते गेले, असं म्हणायचीही सोय नव्हती. कारण आम्हाला काही येतच नव्हतं. हे पथक त्या प्रश्नातून उभं राहिलं.

पुढच्या वैशाखात दोन रविवार मारुतीच्या देवळात शिबिर ठेवलं. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आले, नर्सताईंनी शिकवलं. पहिल्याच तासाला आमच्या माना खाली गेल्या. डॉक्टर म्हणाले, "आचके म्हणजे श्वास नव्हे." माणूस हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही, नुसते आचके देतोय, तर त्याचं हृदय थांबलंय असं धरायचं आणि लगेच छाती दाबायला लागायचं. कांदा नको, चप्पल नको, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी तर अजिबात नको. ते फुप्फुसात जातं. माणसाला पाठीवर कडक जमिनीवर निजवायचं. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवायची, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. दोन इंच खाली जाईल असं जोरात दाबायचं आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मिनिटाला १०० ते १२० दाब. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण हात दमतात आणि दाब उथळ होतो.

मिनिटाला शंभर म्हणजे किती, ते कुणाला उमगेना. तेव्हा आपले मृदंगमणी पुढं आले. घड्याळ समोर ठेवून त्यांनी ठेका बसवला, १५ सेकंदांत २५ ते ३० थापा. त्या ठेक्यावर सगळ्यांनी गोणपाटाच्या गाठोड्यावर सराव केला. बायामाणसांनी केला, शाळेतल्या पोरांनी केला. पुस्तकात वाचलेलं विसरतं, माउली, पण ठेका विसरत नाही.

मग नियम झाले. डब्याला कुलूप नाही. डबा ट्रकवर नाही, चालणाऱ्याच्या पाठीवर. एक दिंडीच्या पुढं, एक मागं. पथकातला एक जण चालताना फक्त एवढंच बघतो की आत्ता आपण कुठं आहोत. गावाचं नाव, किलोमीटरचा दगड, जवळचं देऊळ नाहीतर पेट्रोल पंप. फोन करणारा आधी ठिकाण सांगतो, मग काय झालंय ते. एक जण रस्त्यावर पुढं जाऊन रुग्णवाहिकेला हात करतो. बाकीच्यांनी हात धरून कडं करायचं, तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे आत हवा राहते.

आणि वही सुरू झाली. मुक्कामाला हरिपाठ झाला की त्याच रात्री लिहायचं. चार रकाने: काय झालं, आपण काय केलं, काय राहून गेलं, उद्यापासून काय करायचं. चुकलेल्याचं नाव लिहायचं नाही, हा कडक नियम. नाव लिहिलं की पुढच्या वेळी माणूस सांगत नाही, लपवतो. आणि लपवलेली चूक पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या जिवावर येते. पहिल्या पानावर पहिली नोंद किल्लीची आहे.

वहीचा गुण आला. एका एकादशीला दिवे घाट चढताना निर्जळी उपवास केलेल्या एक आत्या भलतंच बोलायला लागल्या. अंग चटका बसावा असं तापलेलं. पूर्वी आपण म्हणलो असतो, अंगात आलंय. या वेळी पोरींनी त्यांना टेम्पोच्या सावलीत घेतलं, लुगड्यावर पाणी ओतलं, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवली, पुठ्ठ्यानं वारा घातला आणि घाटातल्या वैद्यकीय पथकाच्या हवाली केलं. आत्या आज समोर बसल्यात. वहीत मात्र "काय राहून गेलं" या रकान्यात लिहिलंय: सकाळीच विचारायला हवं होतं की निर्जळी कोण आहे.

आता दुसरी गोष्ट. शिकलेलं आपल्यापाशीच ठेवून भागत नाही. मागच्या दिंडीतल्या एका आचारीबुवांनी आम्हाला गॅसचं शिकवलं. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साठतो, आणि राहुटीत आपली माणसं जमिनीवरच निजलेली. रात्री रेग्युलेटर काढून ठेवायचा. गळती साबणाच्या पाण्यानं बघायची, काडी ओढून नाही. वास आला तर बटणाला हात लावायचा नाही, आधी माणसं बाहेर काढायची. आम्ही त्यांना छातीचा ठेका दिला. कुणी मोठं झालं नाही, कुणी लहान झालं नाही.

आणि गर्दी. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या माणसांना मांढरदेव सांगायला नको. २५ जानेवारी २००५, पौषातली पौर्णिमा. अरुंद वाट, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, मागून रेटा, आणि पुढं दुकानांना लागलेली आग. जवळजवळ तीनशे माणसं गेली. अशा गर्दीत पुढं काय झालंय ते मागच्याला कळत नाही. तो दर्शनाच्या ओढीनं रेटत राहतो, आणि पुढचा माणूस उभ्या उभ्या गुदमरतो.

आपल्या वारीत याच्यावर पूर्वीपासून एक उपाय आहे. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामाला समाज आरती होते. चोपदार चोप उंच करतात आणि एवढा मोठा समाज क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, मग तिचं म्हणणं ऐकून घेतात. हरवलं-सापडलं सांगतात. हे म्हणजे दुसरं काय आहे? गप्प होणं, अडचण असलेल्याला आवाज देणं, ऐकणं आणि खबर सर्वांना पोचवणं. संकटाचं निम्मं काम यात आलं. एवढी शिस्त असलेला समाज चंद्रभागेच्या वाळवंटात उतरताना किंवा दर्शनबारीत रेटारेटी का करतो? म्हणून आम्ही ठरवलंय, गर्दीत आपल्या दिंडीतल्या कुणीही हात उंच करून "थांबा" म्हणलं की मागच्यानं पाय रोवायचा आणि त्याच्या मागच्याला सांगायचं. हात छातीपुढं आडवे, म्हणजे श्वासाला जागा राहते. पडलेली चप्पल उचलायला वाकायचं नाही. लोटाच्या उलट जायचं नाही, तिरकं तिरकं कडेला निघायचं.

एक कबुली अजून. २०२० आणि २०२१ ला कोरोनामुळं पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. २०२२ ला पुन्हा निघालो तेव्हा आम्हाला वाटत होतं, आपल्याला सगळं येतं. पहिल्याच मुक्कामाला विचारलं तर निम्म्यांना ठेका आठवेना. शिकलेली काही माणसं महामारीत गेली होती, काहींचे गुडघे गेले होते. आणि डब्याला पुन्हा कुलूप लागलेलं! दोन वर्षं डबा घरी होता, पोरं औषधं काढतात म्हणून कुणीतरी लावलेलं. चूक कुणाची नव्हती. पण त्यातून कळलं, हे ज्ञान एकदा मिळालं की कायमचं राहत नाही. हरिपाठ आपण रोज म्हणतो, पाठ असून म्हणतो. तसंच हे दर वर्षी म्हणावं लागतं.

म्हणून शताब्दीला दिंडीपाशी तीन मागणी आहेत. एक, वैशाखातलं शिबिर झाल्याशिवाय भिशी घ्यायची नाही. ज्यांना बसवत नाही त्यांनी नुसतं ऐकावं, पण यावं. दोन, ही वही जमाखर्चाच्या वह्यांबरोबर त्याच पेटीत राहावी आणि तिची नक्कल मागणाऱ्या कुठल्याही दिंडीला द्यावी. तीन, पथकात दर वर्षी दोन तरुण घ्यावेत आणि आमच्यातल्या दोघांनी मागं सरावं. शिकवल्याशिवाय मागं सरायचं नाही.

हे मनोगत लिहून झाल्यावर आम्ही काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "यंदा मी येते. मागचा डबा माझ्या पाठीवर द्या." देणार आहोत.

राम कृष्ण हरी.