लेकराला त्याचं तोंड सांगा



मी देवणीची. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. आज बोलायला बारा मिनिटं मिळाली आहेत आणि विषय दिलाय ‘आरसा’. आरसा नसता तर आपलं तोंड कसं आहे हे आपल्याला कसं कळलं असतं, एवढंच मी त्यातून उचलते. आणि जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी चहा ठेवायला उठलं तरी हुकायचं नाही. घरातल्या लेकराला त्याचं तोंड कसं आहे ते शब्दांत सांगत जा. नीट सांगा, खरं सांगा, मायेनं सांगा.

तुम्ही म्हणाल, बाई, आता पोरांच्या हातात मोबाईल आहे, दिवसातून पन्नास वेळा स्वतःचे फोटो काढतात, त्यांना काय सांगायचं? थांबा जरा. तिकडेच येणार आहे.

आधी एक करून बघा. बसल्या जागी एक डोळा मिटा. नाकाची एक कड दिसेल. ओठ पुढं काढा, त्यांचं टोक दिसेल. गाल फुगवले तर गालाचा उंचवटा थोडा दिसेल. संपलं. कपाळ नाही, भुवया नाहीत, हनुवटी नाही, डोळे तर नाहीतच. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो ते खरंच आहे, हात समोरच असतो. तोंडाचं तसं नाही. अख्खं गाव ते बघतं, आणि ज्याचं आहे त्यालाच ते दिसत नाही.

माझी आजी माळवदाच्या घरात राहिली. जाड भिंती, झरोक्यातून येईल तेवढाच उजेड. घरात आरसा नव्हता. गडीमाणसं आपलं तोंड बघायची ती न्हाव्याच्या धोकटीतल्या हातभर अंतरावर धरलेल्या लहानशा आरशात, लिंबाखाली दाढी झाल्यावर. बायकांना तेवढंही नव्हतं. पण आजीचं कुंकू कधी वाकडं गेलं नाही. ती मधलं बोट भांगातून सरळ खाली आणायची. कपाळ उतरून भुवयांच्या मध्ये जिथं किंचित खोलगट लागतं, तिथं बोट थांबायचं. आधी मेण टेकवायची, मग त्यावर कुंकू. मी समोर बसलेली असायची. ती विचारायची, ‘‘नीट हाय का गं?’’ मी म्हणायची, ‘‘हाय.’’ तिचा आरसा म्हणजे तिचं बोट आणि माझा शब्द. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. बोट आणि दुसऱ्याचा शब्द.

पाण्यात दिसायचंच की, असं कुणी म्हणेल. दिसतं, पण आपण समजतो तेवढं नाही. पाण्यावर सरळ पडलेल्या उजेडातला शंभरातले दोनच भाग परत येतात, बाकीचे पाण्यात जातात. चांगला आरसा नव्वदच्या आसपास परत देतो. त्यात आपण विहिरीत वाकून बघतो तेव्हा आभाळ डोक्यामागं असतं, तोंडावर अंधार असतो. दिसतो तो डोक्याचा आकार आणि मागचं आभाळ. नाकडोळे नीट दिसायला हवेत तर काळी कढई घ्या, पाण्यानं भरा, दारात अशी ठेवा की उजेड तुमच्या तोंडावर पडेल, आणि पाणी स्थिर होऊ द्या. मग दिसेल. शनीच्या दानात काशाच्या वाटीत तेल घेऊन त्यात तोंड बघायची रीत आहे, छायादान म्हणतात तिला. तेल दाट असतं, हलत नाही, आणि पाण्यापेक्षा थोडा जास्त उजेड परत देतं. जुन्या माणसांनी धर्माच्या अंगानं का होईना, हे ओळखलं होतं.

आरसा तसा जुनाच. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात शृंगार करणारी राजस्त्री हातात गोल आरसा धरून उभी आहे. तो धातूचा. घासून घासून चकचकीत केलेला धातू, म्हणजे श्रीमंताघरची वस्तू. काचेला मागून चांदीचा पातळ थर देण्याची रीत जर्मनीत लीबिख या रसायनशास्त्रज्ञानं शोधली ती 1835 साली. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ हे वृत्तपत्र निघालं 6 जानेवारी 1832 ला. म्हणजे आजच्यासारखा स्वस्त आरसा घरोघरी यायच्या कितीतरी आधी मराठी माणसाच्या हातात शब्दांचं दर्पण आलं होतं. मला ही गोष्ट फार आवडते. आमच्या देवणीच्या हद्दीत तर आरशाला तीन नावं ऐकू येतात. मराठीत आरसा, उर्दूत आईना, आणि पलीकडं बिदरकडं गेलं की कानडीत कन्नडी. नावं तीन, पण आमच्या आज्यांच्या घरात वस्तू एकही नाही.

आरसा नसलेल्या माणसाला तो एकदम दाखवला तर काय होतं, हेही नोंदलेलं आहे. पापुआ न्यू गिनीत बिआमी नावाचे लोक आहेत. एडमंड कार्पेंटर हे मानववंशशास्त्रज्ञ 1969-70 च्या सुमारास त्यांच्याकडं मोठे आरसे घेऊन गेले. तिथल्या नद्यांच्या पाण्यातही तोंड नीट दिसत नव्हतं. त्या लोकांनी आरशात बघितलं आणि तोंडावर हात धरले, मान खाली घातली, मग खिळून उभे राहिले. घाबरले होते. काही दिवसांतच मात्र ते आरशासमोर उभं राहून नटायला लागले. आरशाची ओळख व्हायला किती थोडे दिवस लागतात बघा. पण त्याआधीही ती माणसं होतीच ना? नवराबायको होती, भावंडं होती, एकमेकांना हाक मारत होती. ‘तू तुझ्या बापासारखा दिसतोस’ असं त्यांच्यातही कुणीतरी कुणाला म्हणालं असेल, असं मला आपलं वाटतं.

आता आरसा तरी खरं सांगतो का? उद्या सकाळी साबणाचा तुकडा घ्या. आरशासमोर उभं राहून, एक डोळा मिटून, काचेवर दिसणाऱ्या तोंडाच्या कडेनं रेघ काढा. मग बाजूला होऊन वितीनं मोजा. वीतभर तोंडाची आरशावर अर्धीच वीत भरते. मागं सरका, पुढं या, तेवढीच भरते. शिवाय डाव्याचं उजवं झालेलं असतं. भांग एकीकडं पाडलेला, दिसतो दुसरीकडं. आपण जन्मभर हेच उलटं तोंड बघतो आणि तेच आपलं मानतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये 1977 साली एक प्रयोग झाला. बायकांना त्यांचे दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशात दिसतो तसा उलटा. त्यांना स्वतःला उलटा जास्त आवडला, त्यांच्या मैत्रिणींना सरळ. ज्याला ज्याची सवय. पण सरळ तोंड कुणाला ओळखीचं होतं? मैत्रिणींना. म्हणजे शेवटी तुमचं खरं तोंड ज्यांच्याजवळ आहे ते तुमच्या घरातले, शेजारचे, वर्गातले.

म्हणून मी पुन्हा तेच सांगते, लेकराला त्याचं तोंड शब्दांत सांगा.

आता माझ्या गावाकडं येते. देवणी म्हटलं की देवणी गाय-बैल. जाणकार तोंडावरून आणि अंगावरून तीन प्रकार सांगतात. अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा. अंग पांढरं आणि खालच्या अंगाला काळे ठिपके तो बालंक्या. पांढऱ्यावर कसेही काळे डाग तो शेवेरा. शेजारच्या नांदेडचं लालकंधारी एकरंगी लाल. आता जनावराच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला असतो. पण हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बिल्ला बघून कुणी बैल ओळखत नाही. तोंड बघतात. बैलानं कधी आरसा बघितलेला नसतो, तरी त्याच्या तोंडाची कीर्ती चार गावांत असते. ती कुणी केली? सांगणाऱ्यांनी.

मी चौथीच्या वर्गाला एकदा लिहायला सांगितलं, ‘माझा चेहरा’. आरसा नाही, फोटो नाही, आठवून लिहायचं. एका मुलीनं एकच ओळ लिहिली. ‘मी काळी आहे.’ पाटी पालथी घालून बसली. पुढं काही लिहीना.

आठ-दहा दिवसांनी तिचा बाप शाळेत आला. नुकतं खोंड घेतलं होतं. मी सहज विचारलं, ‘‘दादा, कसं आहे खोंड?’’ तो ओट्यावर बसला आणि सांगायला लागला. ‘‘बाई, वानेरा हाय. तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, कपाळ पांढरं सपय. कान लांब, जरा लोंबते. शिंगं भाईर जाऊन वर वळलेली. डोळ्याला काजळ घातल्यावानी कड. पोळी मोकळी, वशिंड टणक. चौसा हाय. चालताना मान जरा डावीकडं टाकतो, ते लई गोड दिसतंय.’’

मी ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘आणि पोरगी कशी आहे तुमची?’’

तो म्हणाला, ‘‘काय बाई, काळी हाय जरा.’’

श्रोतेहो, मी त्या माणसाला वाईट म्हणत नाही. त्याच खोंडाच्या तोंडावरचं काळं त्यानं कौतुकानं सांगितलं होतं. पोरीवर त्याचा जीव होता, पायी तीन किलोमीटर तिला सोडायला यायचा. पण बैलासाठी त्याच्या तोंडात दहा गोष्टी होत्या आणि लेकीसाठी एक. त्या पोरीला घरात आरसा असेल नाहीतर नसेल, तिनं बापाच्या तोंडातच स्वतःला बघितलं होतं. तिथं जेवढं दिसलं तेवढंच तिनं पाटीवर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जोड्या केल्या. पट्टीवर शेजारी बसणारीनं शेजारणीचा चेहरा सांगायचा. तिच्या शेजारणीनं बराच वेळ तिच्याकडं बघितलं आणि सांगितलं, ‘‘हिच्या डाव्या भुवईत मधेच एक बारीक फट हाय. नाक सरळ हाय. हनुवटीवर तीळ हाय. आन ही हसायच्या आधी हिचे डोळे हसतात.’’ त्या मुलीनं लगेच बोट लावून भुवईतली फट चाचपली. आजीचं बोट मला आठवलं. ती फट तिच्याजवळ जन्मापासून होती, कळली त्या दिवशी.

म्हणून म्हणते, सांगा. आपल्या भाषेत शब्दांची काय कमी आहे? उभट चेहरा, वाटोळा चेहरा, तरतरीत नाक, चाफेकळी नाक, बसकं नाक, टपोरे डोळे, बारीक डोळे, भव्य कपाळ, गालावरची खळी, कानाची मोठी पाळी, गव्हाळ रंग, सावळा रंग. तोंडावळा कुणाचा आहे ते सांगा. मुलगा आईच्या वळणावर गेला की मातृमुखी सदा सुखी म्हणतोच ना आपण? तसंच पोरीला सांगा, तुझं कपाळ आत्याचं आहे, तुझी जिवणी माझ्या मायची आहे. जी माणसं आता नाहीत, ज्यांचा एकही फोटो नाही, ती लेकराच्या तोंडावर राहतात. पण कुणी बोट ठेवून दाखवलं तरच ते लेकराला कळणार. मोबाईल हे सांगू शकत नाही. मोबाईलमध्ये तर आता रंग उजळ करायची, नाक बारीक करायची सोय आहे. लेकरू ते बदललेलं तोंड बघतं आणि आपलं तोंड त्याला उणं वाटायला लागतं. मोबाईल काढून घ्या असं मी म्हणत नाही, घेता येणारही नाही. त्याच्या बरोबरीनं तुम्ही बोला.

आणि बोलताना जीभ सांभाळा. ढबरी, चपट्या नाकाची, काळुंद्री, दातपुढी, हे आपण हसत हसत म्हणतो, चार पाहुण्यांत म्हणतो. विसरून जातो. लेकरू विसरत नाही. खोटी स्तुतीही करू नका, लेकराला ती लगेच कळते. बसक्या नाकाला चाफेकळी म्हणायची काही गरज नाही. बसकंच म्हणा, पण बैलाचं वर्णन करताना आवाजात जे कौतुक असतं ते त्यात असू द्या.

मला चेहरेपट्टीबद्दलही बोलायचं होतं. अलाउद्दीन खिलजीनं सैनिकाचा हुलिया लिहून ठेवायची आणि घोड्याला डाग द्यायची पद्धत आणली. पुढं आपल्याकडंही चेहरेपट्टी लिहीत, फोटो नव्हते तेव्हा माणूस शब्दांतच पकडून ठेवायचे. रंग, बांधा, तोंडावरचा वण, तीळ... पण समोरून खूण झाली आहे, वेळ संपत आला. ते पुन्हा कधीतरी.

शेवटी तेच सांगते. आज रात्री जेवणं झाल्यावर लेकराला समोर बसवा. मोबाईल बाजूला ठेवा. त्याच्या तोंडाकडं मिनिटभर नीट बघा आणि तीन खऱ्या गोष्टी सांगा. एक नाकडोळ्यांची, एक घरातल्या कुणासारखी असलेली, आणि एक अशी की जी फक्त तुम्हालाच दिसते. मग त्यालाही तुमच्याबद्दल तीन सांगू द्या. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्यापासून सुरुवात करा. त्यांना त्यांचं तोंड कसं आहे हे कुणी सांगून फार वर्षं झाली असतील.