खंडेनवमीचे पाते

(वाशीम येथे खंडेनवमीनिमित्त झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचे संपादित शब्दांकन)



आजच्या दिवशी शस्त्रांवर बोलायचे म्हटले की श्रोत्यांना पराक्रमाच्या कथांची अपेक्षा असते. मी मात्र विषय मुद्दामच लहान घेतला आहे. सुरी, चाकू, कट्यार, अडकित्ता, विळा आणि आपल्या वऱ्हाडी स्वयंपाकघरातील पावशी. जुनी पाती आणि नवी पाती यांत संग्राहक कशाला मान देतात आणि आपण आपल्या घरच्या पात्यांचे काय करतो, एवढेच मला सांगायचे आहे.

आरंभी एक कबुली देतो. आमच्या घरी पणजोबांच्या वेळची एक कट्यार आहे. दर खंडेनवमीला ती लख्ख करण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडे. आधी चिंचेच्या कोळाने, पुढे बाजारात पॉलिश पेपर आला तेव्हा त्याने. हे काम मी तीस वर्षे निष्ठेने केले. पुढे बातमीदारीच्या निमित्ताने पुण्यातील एका वयोवृद्ध संग्राहकांकडे जाण्याचा योग आला, तेव्हा ती कट्यार अभिमानाने त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती खिडकीपाशी नेली, उजेडात तिरपी धरून बराच वेळ पाहिली आणि विचारले, "ही घासली कोणी?" मी म्हणालो, "मीच." ते म्हणाले, "मुठीवर सोन्याची कोफ्तगरी होती. खाचेत एक कण अजून शिल्लक आहे. बाकीची तुम्ही पुसून टाकलीत. पात्यात जौहर असावे, ते कदाचित पुन्हा उठवता येईल. सोने येणार नाही."

त्या दिवशी मला कळले की ज्याची आपण पूजा करतो, तेच आपण पुसतही असतो.

जौहर म्हणजे पोलादाच्या अंगातच असलेली, पाण्यावरच्या लहरींसारखी दिसणारी नक्षी. ती वरून कोरलेली नसते. हे पोलाद तयार करणारी केंद्रे आपल्यापासून फार दूर नव्हती. वाशीमहून हिंगोली, नांदेड ओलांडून गेले की तेलंगणातील निर्मळ लागते आणि त्याच्या पलीकडे निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम. मातीच्या मुशीत लोखंड आणि कोळशाचा अंश देणारे द्रव्य घालून तोंड लिंपायचे, भट्टीत दीर्घकाळ तापवायचे आणि मग सावकाश, अगदी सावकाश निवू द्यायचे. या संथ निवण्यातूनच नक्षीचा जन्म होतो. कोनासमुद्रमच्या पोलादासाठी इराणचे व्यापारी येऊन मुक्काम करीत. 1794 साली मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. तिथे स्टोडार्ट नावाच्या सुऱ्या-चाकू बनविणाऱ्या कारागिराने त्यातून पहिल्याप्रथम काय घडविले असेल? तलवार नव्हे, लेखणी तासायचा एक लहानसा चाकू. पुढे याच स्टोडार्टला सोबत घेऊन मायकेल फॅरडे यांनी 1820 च्या सुमारास या पोलादावर प्रयोग केले.

इथे थोडे विषयांतर करतो. 2006 साली जर्मन संशोधकांना एका दमास्कस तलवारीच्या पोलादात कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिका आढळल्याचे 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. लगेच आपल्याकडे 'पूर्वजांना नॅनो तंत्रज्ञान अवगत होते' अशी भाषणे सुरू झाली. माझ्या काही मित्रांनीही ती केली. मला हे पटत नाही. निर्मळच्या लोहाराला नलिका ठाऊक नव्हत्या. त्याला आपली मूस, आपला कोळसा आणि ज्वाळेचा रंग ठाऊक होता. त्याचे श्रेय त्याला पुरेसे आहे. त्याच्या अंगावर प्रयोगशाळेचा झगा चढविल्याने त्याचा मान वाढत नाही.

आता नव्या पात्यांकडे वळू. 1913 साली शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियममिश्रित, न गंजणारे पोलाद तयार केले आणि जगभरच्या स्वयंपाकघरांचा चेहराच बदलला. आज आपल्या घरात टोमॅटो कापणारी सुरी गंजत नाही, ती तशीच ओली ठेवली तरी गृहिणीला चिंता नसते. ही सोय मोठी आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. साधे जुने पोलाद गंजते, त्याला पुसावे लागते, जपावे लागते. पण ते सहाणेवर लवकर धार घेते. आपल्या आज्या ओट्याच्या दगडावर पावशी दोन वेळा फिरवून कामाला लागत.

नव्या पात्यांचाही एक मोठा संग्राहकवर्ग अमेरिका-युरोपात आहे. मिटणारा चाकू, त्याचा खटका, भुकटीपासून बनविलेले अत्याधुनिक पोलाद, सांध्यात केसभरही फट नसणे, या गोष्टींवर ते भाळतात. गंमत अशी की, या आधुनिकांनाच जुन्याची ओढ लागली. 1973 साली बिल मोरान या अमेरिकन कारागिराने थरावर थर ठोकून बनविलेले नक्षीदार पोलादाचे चाकू प्रदर्शनात मांडले आणि ते तंत्र पुन्हा जिवंत झाले. पेंड्रे नावाचा एक नालबंद आणि व्हर्होव्हन नावाचे प्राध्यापक यांनी मिळून आपल्या मुशीच्या पोलादाची नक्षी साधण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या अत्यल्प अंशामुळे ती नक्षी उमटते, असे त्यांनी दाखविले. ज्या विद्येचे माहेर आपल्या दख्खनचे, तिचा माग फ्लॉरिडातील एक घोड्यांना नाल ठोकणारा माणूस काढतो, हे ऐकून मला आनंदही झाला आणि संकोचही वाटला.

मग संग्राहकाची खरी पसंती कशाला? जुन्याचा संग्राहक काळसर पडलेला मूळ पृष्ठभाग शोधतो, पाते आणि मूठ एकमेकांचीच आहेत का हे पाहतो, म्यान मूळचे असेल तर जास्त दाम मोजतो. नव्याचा संग्राहक घडविणाऱ्याचे नाव पाहतो. वरकरणी दोघे भिन्न वाटतात. माझ्या मते दोघेही एकच शोधत असतात, तो म्हणजे कोणाच्या तरी हाताचा पुरावा.

आणि 'जुने ते आपले, नवे ते परके' हा हिशेबही इतका सोपा नाही. 29 एप्रिल 2025 रोजी लंडनच्या सोदबीज लिलावगृहात नागपूरकर भोसल्यांची तलवार विक्रीस आली. महाराष्ट्र शासनाने ती मिळविली. वाहतूक, विमा धरून 47 लाख 15 हजार रुपये खर्च आला आणि 18 ऑगस्ट 2025 रोजी ती मुंबईत पोहोचली. पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा यांचे नाव आहे. आपल्या वाशीमचे बालाजी मंदिर बांधणारे भवानी काळू याच भोसल्यांच्या पदरचे. त्यामुळे ही तलवार आपल्यालाही घरचीच. पण तिचे पाते कुठले? युरोपचे. म्हणूनच तिला फिरंग म्हणतात. त्या काळातले ते 'आधुनिक' पाते होते. आपल्या वीरांनी ते पारखून घेतले, त्याला आपली मूठ चढविली आणि आपले नाव कोरले. परदेशी आहे म्हणून फेकले नाही, आणि परदेशी आहे म्हणून डोक्यावरही घेतले नाही.

शस्त्रांना निदान असा दिवस येतो. घरगुती पात्यांना कोण विचारतो? पुण्याच्या डॉ. दिनकर केळकरांनी विचारले. 1920 च्या सुमारास त्यांनी संग्रह सुरू केला आणि लोक हसत असताना दिवे, भांडी, अडकित्ते गोळा केले. घोड्याच्या, पक्ष्याच्या आकाराचे अडकित्ते पाहिले म्हणजे सुपारी कातरण्यासारख्या क्षुल्लक कामातही आपल्या कारागिराने केवढा जीव ओतला होता, ते कळते. अकाली गेलेल्या आपल्या 'राजा' या मुलाच्या नावे त्यांनी संग्रहालय केले आणि 1975 साली सारा संग्रह शासनाच्या हवाली केला. एका माणसाने हे केले नसते, तर त्यातले बहुतेक सारे भंगारात वितळले असते.

व्यवहाराच्या चार गोष्टी थोडक्यात सांगतो. घरी जुने पाते असेल तर ते घासू नका. मऊ कोरड्या कापडाने पुसा, तेलाचे बोट फिरवा. चामड्याच्या म्यानात कायम ठेवू नका, दमट हवा तिथे मुरते. पूजेत लिंबू कापायचे असेल तर रोजच्या सुरीने कापा, कारण त्याचा आंबट रस जुन्या पात्यावर डाग सोडतो. हळदकुंकू खालच्या वस्त्रावर वाहिले तरी देवी रागावणार नाही. आणखी एक: नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे 1959 च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत मोडतात, घरगुती आणि शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. शंभर वर्षांहून जुनी वस्तू कोणा खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, हेही 1972 च्या कायद्याने ठरले आहे. गोड बोलून घरी येणाऱ्या दलालांना हे ऐकवावे.

गेल्या आठवड्यात बाजारात गेलो होतो. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस, विळ्यांना गिऱ्हाईक भरपूर. एका बाजूला कारखान्यातले चकचकीत विळे, प्रत्येकावर कंपनीचा शिक्का. दुसऱ्या बाजूला एक लोहार कुटुंब. बाई भाता फिरवीत होती, नवरा जुन्या ट्रकच्या कमानीचे पोलाद लाल करून ठोकीत होता. जपानमध्ये 1955 पासून निवडक तलवार-कारागिरांना राष्ट्राचा जिवंत ठेवा मानण्याची प्रथा आहे आणि घाईने दर्जा घसरू नये म्हणून कारागिराला महिन्याला दोनच लांब तलवारी घडविण्याची मुभा असते. आमच्या या कारागिराने माझ्यासमोर तासाभरात तीन विळे केले. पाणी देताना मात्र त्याने कोणाशीही बोलणे थांबविले, नजर पात्याच्या रंगावरून हलू दिली नाही.

एक विळा घेतला आणि म्हणालो, "दादा, यावर तुमच्या नावाचे एक अक्षर ठोकून द्या."

तो हसला. "नाव कशाले लागते जी? धार गेली का आणजा, पाजवून देईन."

मी हट्ट धरला. त्याने छिन्नी शोधली. लिहिता येत नव्हते, म्हणून शाळेतून आलेल्या मुलीला हाक मारली. तिने राखेत बोटाने अक्षर काढून दाखविले आणि त्याने ते पात्यावर उतरविले. थोडे वाकडे आहे. आज सकाळी घरच्या पूजेत तो विळा कट्यारीशेजारी ठेवला होता.