डूलॉखच्या खोऱ्यातली वाट

(संस्थेच्या मित्रमेळाव्यात केलेले भाषण)



माझी मुलगी आयर्लंडमध्ये परिचारिका आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेले तेव्हा आम्ही दोघी मेयो परगण्यात चार दिवस पायी चाललो. त्याबद्दल बोलावे, असे संस्थेने सांगितले. परदेशातली मजा सांगायला मी उभी नाही. त्या वाटेवर आपल्या कामाशी संबंध असलेली एक गोष्ट आहे, ती सांगायची आहे.

वाटेचे नाव टोहर फॉड्रिग, म्हणजे संत पॅट्रिकचा रस्ता. बॅलिनटबरच्या मठापासून क्रो पॅट्रिक डोंगरापर्यंत सुमारे ३५ किलोमीटर. रस्ता ख्रिस्ती धर्म तिथे पोहोचण्याच्याही आधीचा. पॅट्रिकने या डोंगरावर ४० दिवस उपास केला, अशी परंपरा आहे. मठ १२१६ साली बांधला. १६५३ मध्ये क्रॉमवेलच्या सैन्याने तो जाळला, छप्पर गेले, तरी उघड्या आभाळाखाली उपासना चालूच राहिली. नवे छप्पर पडले ते थेट १९६६ मध्ये.

निघताना मठात मेणबत्ती लावायची आणि एक नियम पाळायचा: वाटेत तक्रार करायची नाही. पाऊस आला, चिखलात पाय गेला, तर “देवाचे आभार” म्हणायचे. पहिल्याच दिवशी आम्ही ते किती वेळा म्हटले असेल! वाट लोकांच्या शेतांतून जाते. दगडी बांधांवर पायऱ्या आहेत. त्या चढायच्या, पलीकडे उतरायचे. मेंढ्या मान वर करून बघतात आणि पुन्हा चरू लागतात. आपली वारी पाहिलेल्या माणसाला तिथला एकांत फार वेगळा वाटतो. टाळ नाही, दिंडी नाही. अर्धा दिवस आम्हाला माणूस भेटले नाही.

तिसऱ्या दिवशी डोंगर. उंची ७६४ मीटर. वरचा भाग नुसत्या सुट्या दगडांचा. एक पाऊल पुढे टाकावे तर अर्धे मागे घसरते. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक तो चढतात, काही जण अनवाणी. आपल्यापैकी कोणी म्हणेल, देव सगळीकडे आहे, मग एवढे चालायचे कशाला? प्रश्न बरोबर आहे. देव डोंगरावर जास्त आणि घरी कमी, असे मीही मानत नाही. पण पाय दुखू लागले की रोज चालणाऱ्यांची आठवण होते, एवढे मात्र खरे.

डोंगराच्या पायथ्याशी मरिस्क गावात एका जहाजाचे ब्राँझचे शिल्प आहे. डोलकाठ्यांभोवती शिडांऐवजी सांगाडे. हे दुष्काळाचे राष्ट्रीय स्मारक. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक व आजाराने गेली. तेवढीच देश सोडून गेली. त्याच काळात देशातून धान्य आणि जनावरे बाहेर विकली जात होती.

चौथ्या दिवशी आम्ही लुईसबर्गहून डूलॉखच्या खोऱ्यात गेलो. मार्च १८४९ च्या अखेरीस शेकडो भुकेले लोक लुईसबर्गला जमले होते. मदत चालू ठेवायची की नाही, याची तपासणी होणार होती. अधिकारी पुढे डेल्फीच्या बंगल्यावर गेले आणि लोकांना निरोप मिळाला: उद्या सकाळी तिथे हजर व्हा, नाहीतर नाव कापले जाईल. अंतर सुमारे १९ किलोमीटर. लोक रात्रभर थंडीपावसात चालले. लोकस्मृती सांगते की तिथे पोहोचल्यावर त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवले. परतीच्या वाटेवर माणसे पडली. बायका होत्या, मुले होती. आज खोऱ्यात साधी दगडी स्मारके आहेत. त्यांवर त्या वेळच्या भुकेल्यांबरोबर आजही जगभर चालणाऱ्या भुकेल्यांचे स्मरण केले आहे, आणि माणसाने माणसाचा अपमान करण्याविषयी महात्मा गांधींचे एक वचनही कोरले आहे. आपल्या देशाचे नाव इतक्या दूर, इतक्या दुःखाच्या जागी भेटेल असे वाटले नव्हते.

आता दुसरी बाजू. त्याच दुष्काळात, १८४७ साली, अमेरिकेतल्या चॉक्टॉ या आदिवासी जमातीने आयरिश लोकांसाठी वर्गणी काढली: १७० डॉलर. हे लोक कोण? त्यांना १८३० च्या दशकात स्वतःच्या जमिनीवरून हुसकावून शेकडो मैल चालवत नेले होते. वाटेत हजारो मेले. आयर्लंड त्यांनी पाहिलेही नव्हते. पण भुकेने चालणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. गरीब विधवेच्या दोन टोल्या आपण प्रवचनात ऐकतो. या त्याच जातीच्या टोल्या. आयरिश लोक हे विसरले नाहीत. कॉर्क परगण्यातल्या मिडलटनला गरुडाच्या नऊ पिसांच्या मोठ्या शिल्पाचे २०१७ मध्ये अनावरण झाले. २०२० च्या महामारीत अमेरिकेतल्या नावाहो आणि होपी आदिवासींसाठी आयर्लंडमधून देणग्यांचा ओघ लागला, त्या जुन्या दानाची आठवण ठेवून.

बंधुभगिनींनो, एकाच दुष्काळातल्या या दोन मदती. एकीमागे कायदा होता, कचेरी होती, यादी होती. तिने भुकेल्याला रात्रभर चालवले. दुसरीमागे फार थोडे पैसे होते; ती स्वतः महासागर ओलांडून गेली. फरक रकमेचा नव्हता. भुकेला माणूस आपल्यासारखाच आहे, हे एका बाजूला माहीत होते.

आपणही याद्या करतो, त्या लागतातच. पण पाड्यावरची आई आजारी लेकरू काखेत घेऊन किती चालते, हेही यादीत लिहायला हवे. वाटपाची गाडी जिथे डांबर संपते तिथे थांबते. तिथून पुढची वाट तिने उतरायची की आपण चढायची? माझी विनंती आहे की आपण चढावी. येत्या हिवाळ्यात घोंगड्या नेताना प्रत्येक मंडळीतून दोन-तीन जणांनी यावे आणि शेवटचा टप्पा डोक्यावर गाठोडे घेऊन चालावा. फोटोसाठी कोणाला रांगेत उभे करू नये. घरात बसावे, पाणी प्यावे, नाव विचारावे आणि आपलेही सांगावे.

आणि ज्यांना आपण आज देतो, ते उद्या कोणाला देणारे असतील, हे विसरू नये. चॉक्टॉ लोकांकडे पाहून त्या काळी कोणाला वाटले असेल की हे दाते आहेत?

वाट चढणीची आहे, पाय दुखतील. तेव्हा काय म्हणायचे, ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

प्रभू आपल्या सर्वांना आशीर्वाद देवो.