रेघ आधी, घर मागाहून

(देवळाच्या अग्रशाळेत भरलेल्या शेतकरी व मच्छीमार बांधवांच्या सभेतील भाषणाचा मजकूर)



आज मी तुमच्यापुढे हैदराबादविषयी बोलणार आहे. आपली खाजने इथे, होड्या इथे. त्या दूरच्या शहराशी आपले काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे आहे. २०२४ पासून तिथल्या सरकारने पाण्याविषयी एक आणि जमिनीविषयी एक असे दोन मोठे निर्णय घेतले. दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच: हद्दीची रेघ कुठे आहे आणि ती कोणी, केव्हा ओढली? ज्याच्याकडे चार कुणग्या शेत आहे किंवा एक होडी आहे, त्याच्या दारात हा प्रश्न आज ना उद्या येणारच.

हैदराबाद हे तळ्यांचे शहर. तिथला हुसेनसागर सोळाव्या शतकातला. त्याच्याही कितीतरी आधी काकतीय राजांच्या काळी तेलंगणाच्या पठारावर तळ्यांच्या माळा बांधल्या गेल्या. वरचे तळे भरले की सांडव्यावरून पाणी खालच्या तळ्यात उतरायचे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे वाहून गेली. मग विश्वेश्वरय्यांना बोलावून योजना आखून घेतली, आणि १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर पुरा झाला. पाण्याला त्याची जागा द्यावी लागते, हा धडा त्या शहराने असा प्राणांचे मोल देऊन घेतला होता.

आता तळ्याच्या पोटातल्या जमिनीकडे या. तिला तिकडे शिकम म्हणतात. पुष्कळ ठिकाणी ती शेतकऱ्याच्या नावावर असते. पाणी ओसरले की त्याने पीक काढावे. तळे भरले की गंगापुत्र आणि मुदिराज समाजाच्या लोकांनी मासळी धरावी. बांधकाम मात्र कोणी करू नये. आपल्या खाजनाची रीत आठवा. पावसात भात आणि मानशीवर मासळी. बांध राखायचा तो सर्वांनी मिळून. दोन्हीकडे जमीन एकाची असली तरी पाणी गावाचे.

शहर वाढले तसे दलाल आले. शिकम जमिनीचे तुकडे पाडून ते घरांसाठी विकले गेले. घेणाऱ्याला नोंदणीचा कागद मिळाला, पुष्कळांना परवानाही मिळाला, वीज आली, घरपट्टीची पावती हाती पडली. सरकारचे इतके शिक्के पाहिल्यावर साध्या माणसाने काय समजावे? नियम नव्हता असेही नाही. ७ एप्रिल २०१२ च्या सरकारी आदेशाप्रमाणे दहा हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तळ्याच्या हद्दीपासून ३० मीटर आणि लहान तळ्यापासून ९ मीटर जागा मोकळी सोडायची होती. पण हे मोजायचे कुठून? तळे काठोकाठ भरल्यावर पाणी जिथे टेकते त्या रेषेपासून. हैदराबादच्या महानगर क्षेत्रात तळी तीन हजारांवर, आणि २०२४ सालीही त्यांतल्या थोड्याच तळ्यांची ही रेषा कायम होऊन जाहीर झाली होती. खुंटी ठोकायच्या आधीच दोरी ताणली, असा तो प्रकार झाला. २०२० च्या ऑक्टोबरात मुसळधार पाऊस पडला, तेव्हा त्या वस्त्यांत पाणी शिरले. पाणी आपली जुनी जागा विसरले नव्हते.

१९ जुलै २०२४ रोजी सरकारी आदेशाने 'हायड्रा' नावाची नवी यंत्रणा उभी राहिली. बाह्य वर्तुळमार्गापर्यंतच्या सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर टापूत तळी, नाले आणि सरकारी जमिनी यांवरील अतिक्रमण हटवायचे, हे तिचे काम. २४ ऑगस्टला माधापूरच्या तम्मिडिकुंटा तळ्याकाठचे एका बड्या सिनेनटाचे सभागृह पाडले गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्यालाही कायदा लागू होतो, हे पाहून कोणाला बरे वाटणार नाही?

पण पुढे यंत्रे साध्या माणसांच्या घरांकडे वळली. मुसीच्या काठची घरे लाल अक्षरांनी खुणावली गेली. एका रविवारी झालेल्या पाडकामाबद्दल तेलंगणा उच्च न्यायालयाने ३० सप्टेंबरला अधिकाऱ्यांना जाब विचारला: सुट्टीच्या दिवशी ही घाई कशासाठी, आणि माणसाला म्हणणे मांडायला वेळ का दिला नाही? त्यानंतर ऑक्टोबरमध्ये वटहुकूम काढून महानगरपालिकेच्या १९५५ च्या कायद्यात नवे कलम घातले आणि या यंत्रणेला पालिकेचे अधिकार देण्याची वाट केली. क्रम ध्यानात घ्या. पाडकाम ऑगस्टात आणि त्याला कायद्याची बळकटी ऑक्टोबरात.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या देशासाठी नियम घालून दिले: पंधरा दिवसांची नोटीस दिल्यावाचून कोणाचे घर पाडू नये. पण त्याच निकालात एक अपवाद आहे, आणि काठावर राहणाऱ्यांनी तो पाठ करून ठेवावा. रस्ता, पदपथ, नदी, जलाशय अशा सार्वजनिक जागेतल्या अनधिकृत बांधकामाला हे नियम लागू नाहीत. म्हणजे आपली जागा रेषेच्या आत की बाहेर, यावरच नोटिशीचा हक्क अवलंबून राहिला.

तळी वाचवू नयेत असे मी म्हणतो आहे, असे समजू नका. आंबरपेठेत बतुकम्माकुंटा नावाचे तळे होते. १९६२-६३ च्या नोंदींत ते चौदा एकरांचे; पुढे राडारोडा पडून मैदान झाले. २०२५ साली तिथे खोदायला घेतले तर काही फुटांवरच पाणी लागले. सुमारे पाच एकर उरले होते तेवढे तळे पुन्हा तयार झाले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बायकांनी बतुकम्माच्या सणाची फुले त्यात सोडली. हे काम चांगलेच झाले. जुनी नोंद राहिली होती म्हणून हे पाच एकर तरी परत मिळाले. बाकीचे नऊ एकर गेले ते गेले.

आता दुसरी गोष्ट, जमिनीच्या कागदाची. २०२० साली तेलंगणात 'धरणी' नावाची संगणकी नोंदपद्धती सुरू झाली. गावच्या महसूल अधिकाऱ्याचे पद रद्द केले आणि महसुली न्यायालयेही बंद केली. जुन्या पहाणीत जमीन प्रत्यक्ष कोण कसतो याचा रकाना होता, तोही उडाला. नावात चूक झाली, क्षेत्र कमी लागले, तर दाद मागायला गावात कोणी उरले नाही. चार गुंठ्यांसाठी दिवाणी कोर्टाची पायरी कोण चढणार?

पुढे सरकार बदलले. डिसेंबर २०२४ मध्ये विधानसभेने 'भूभारती' कायदा मंजूर केला आणि १४ एप्रिल २०२५ रोजी त्याचा प्रारंभ झाला. त्यात चूक दुरुस्तीची आणि अपिलाची सोय परत आली. जमिनीच्या व्यवहाराला नकाशाची जोड देण्याची तरतूद झाली. साध्या कागदावर जमीन घेऊन २०२० साली अर्ज केलेल्या लाखो लहान शेतकऱ्यांसाठीही वाट काढली. गावासाठी पुन्हा अधिकारी नेमले. जे पाच वर्षांपूर्वी मोडले, तेच नव्या नावाने जोडावे लागले. मधल्या काळात ज्याची जमीन कागदावरून नाहीशी झाली, त्याने किती खेटे घातले असतील, याचा विचार करा.

आता आपल्या घरी येऊ. कसेल त्याची जमीन म्हणून १९७६ साली आपल्या कूळ कायद्याला पाचवी दुरुस्ती झाली. पण तुमच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात तुमच्या वडिलांचे नाव आहे काय? असल्यास तुमचे त्यापुढे लागले काय? गेल्या दहा वर्षांत किती जणांनी तो उतारा हातात घेऊन वाचला आहे?

हैदराबादला तळ्याची रेषा, तशी आपल्याला भरतीची रेषा. २०११ च्या किनारी अधिसूचनेखालचा आपला आराखडा मंजूर व्हायला २०२२ साल उजाडले. रापणकार बंधूंनो, तुमची होडी ओढायची जागा, जाळी सुकवायची जागा, तुमची जुनी घरे त्या नकाशात आहेत की नाहीत, हे नकाशा उघडून तुम्हीच पाहिले पाहिजे. आणि शेतकऱ्यांनो, २०२३ साली नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम आले. आराखड्यातली चूक दुरुस्त करायची, या नावाखाली शेतजमिनीचे विभाग बदलू लागले. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या कलमाला मर्यादा घातल्या आणि त्याखालचे नियम रद्द ठरवले. कारण काही जागी माणसे वेळीच न्यायालयात गेली होती.

तेव्हा तीन कामे सांगतो. आपला उतारा या महिन्यात काढा, आणि वाचता येत नसेल तर शाळेत घेऊन या; आम्ही शिक्षक कशासाठी आहोत? गावातली प्रत्येक मानस, पोय, बांध आणि होडीची जागा यांची यादी ग्रामसभेत लिहून घ्या व ठराव करा. आणि आराखड्यावर हरकती मागवल्याची सूचना निघाली की मुदतीच्या आत लेखी हरकत द्या; पोचपावती घेतल्यावाचून कचेरीतून उठू नका.

तळे राखील तो पाणी चाखील, असे आपले वाडवडील म्हणत. राखायचे म्हणजे नुसता पहारा नव्हे. रेघ कागदावर चढवून घ्यायची, तीही घर बांधायच्या आधी आणि यंत्र दारात यायच्या आधी. बैल गेल्यावर झोपा करून काय उपयोग? उताऱ्याचे काम उद्याच्या सोमवारपासून सुरू करू. संध्याकाळी शाळा उघडी असेल.